उत्पन्नाचे शीर्ष कसे ठरवावे: पुण्यातील करदात्यांसाठी प्राप्तिकराची मूलभूत मांडणी

प्राप्तिकराचे विवरणपत्र भरायला बसलेला करदाता सहसा आधी विचारतो की कर किती भरावा लागेल. त्याचे उत्तर मिळण्यापूर्वी दुसरा एक प्रश्न सोडवावा लागतो: खात्यात जमा झालेली प्रत्येक रक्कम कायद्याच्या कोणत्या शीर्षाखाली येते? हिंजवडीतील एखाद्या कंपनीत पूर्णवेळ नोकरी करणारा अभियंता आणि त्याच्या शेजारच्या टेबलावर बसून करारावर तेच काम करणारा सल्लागार यांना महिन्याला सारखीच रक्कम मिळत असली, तरी पहिल्याचे उत्पन्न वेतन ठरते आणि दुसऱ्याचे व्यवसायाचे उत्पन्न. पहिल्याला नव्या करप्रणालीत (कर मोजण्याच्या दोन पर्यायी पद्धतींपैकी कमी दरांची, पण मोजक्याच वजावटींची; जुनीत वजावटी अधिक) ७५,००० रुपयांची प्रमाणित, म्हणजे खर्चाचा पुरावा न मागता सरसकट दिली जाणारी, वजावट मिळते, पण कामासाठी स्वतःच्या पैशाने घेतलेल्या लॅपटॉपचा खर्च वजा करता येत नाही. दुसऱ्याला प्रमाणित वजावट नाही; मात्र लॅपटॉपचा घसारा, इंटरनेटचे बिल आणि कामासाठी केलेला प्रवास हे सारे त्याच्या उत्पन्नातून वजा होऊ शकते.

कायद्यात अशी पाच शीर्षे आहेत: वेतन, घर-मिळकतीपासूनचे उत्पन्न, धंदा किंवा व्यवसाय यांतील नफा, भांडवली नफा आणि इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न. या लेखातील दर आणि मर्यादा २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातील उत्पन्नाच्या आहेत, आणि त्या वर्षाला १९६१ चा प्राप्तिकर कायदा लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू होतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि उत्पन्नाचे वर्ष व कर निर्धारण वर्ष या जोडीऐवजी एकच ‘कर वर्ष’ आले आहे. पाच शीर्षे मात्र तशीच राहिली आहेत, त्यामुळे वर्गीकरणाची रीत एकदा समजली की ती दोन्ही कायद्यांत उपयोगी पडते.

शीर्ष ठरवण्याआधी

सुरुवात कागदांपासून करावी. सर्व बँक खात्यांचे, पतसंस्थेत खाते असल्यास त्याचेही, वर्षभराचे उतारे काढावेत आणि प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावरून वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, आणि फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावावर कापल्या गेलेल्या कराची नोंद, उतरवून घ्यावा. मग उताऱ्यातील प्रत्येक जमा रकमेसमोर ती काय आहे, हे एका शब्दात लिहावे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण पुढचे सगळे यावरच उभे राहते. सीएकडे जाणार असाल तरीही ही यादी आपणच करावी असे मला वाटते, कारण कोणती रक्कम कशापोटी आली हे खातेदारापेक्षा अधिक कोणाला ठाऊक नसते.

या यादीतील पहिला प्रश्न असा की रक्कम मुळात उत्पन्न आहे का. गृहकर्जाची जमा झालेली रक्कम, मुदत ठेव मोडल्यावर परत आलेले मुद्दल, भिशीतून परत आलेले स्वतःचेच पैसे, भाडेकरूने दिलेली आणि पुढे परत करायची अनामत रक्कम, आईवडिलांकडून वारशाने आलेले पैसे यांपैकी काहीही उत्पन्न नव्हे. मुदत ठेवीवरचे व्याज मात्र उत्पन्नच आहे. ते हातात पडले नाही आणि ठेवीतच मिळवले गेले, तरीही.

दुसरा प्रश्न: उत्पन्न कोणाचे? पतीने पत्नीच्या नावावर दहा लाखांची ठेव ठेवली, तर त्या भेटीवर पत्नीला कर लागत नाही, पण ठेवीचे व्याज कायद्याने पतीच्या उत्पन्नात मिळवले जाते. त्या व्याजातून पत्नीने पुढे जी नवी गुंतवणूक केली, तिचे उत्पन्न मात्र पत्नीचे स्वतःचे ठरते. अज्ञान मुलाच्या नावावरील ठेवीचे व्याज आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक असेल त्याच्या विवरणपत्रात येते. ‘तिच्या नावावर आहे ना, मग माझा काय संबंध’ हा समज पुण्यातील अनेक सुशिक्षित घरांतही पक्का आहे आणि तो कायद्याला धरून नाही.

तिसरा प्रश्न निवासी दर्जाचा आहे आणि ऑनसाइट पाठवल्या जाणाऱ्या पुणेकरांना तो दरवर्षी पडतो. येथे नागरिकत्व पाहिले जात नाही, प्रामुख्याने भारतातील मुक्कामाचे दिवस मोजले जातात. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या भारतीय नागरिकाचा, तो ज्या वर्षी गेला त्या वर्षातील भारतातील मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी असेल, तर तो सामान्यतः अनिवासी ठरतो आणि भारतात मिळालेल्या किंवा भारतात उद्भवलेल्या उत्पन्नावरच त्याला येथे कर भरावा लागतो. मुक्काम १८२ दिवस किंवा त्याहून अधिक असेल आणि तो सामान्य निवासी, म्हणजे आधीच्या वर्षांतही बराच काळ भारतात राहिलेला निवासी, ठरत असेल, तर त्याचे जगभरातील उत्पन्न भारतात करपात्र होते. म्हणून पासपोर्टवरील शिक्क्यांच्या तारखा जपून ठेवाव्यात.

वेतन

वेतनाची कसोटी एकच आहे: देणारा आणि घेणारा यांच्यात मालक आणि नोकर हे नाते आहे का? नाते असेल तर बोनस, भत्ते, कंपनीने दिलेले घर किंवा गाडी, आगाऊ घेतलेला पगार हे सारे वेतन ठरते. नाते नसेल तर रकमेला ‘पगार’ म्हटले तरी ते वेतन होत नाही. भागीदारी संस्थेतील भागीदार दरमहा जो ‘पगार’ उचलतो तो धंद्याचे उत्पन्न म्हणून दाखवावा लागतो, कारण भागीदार हा संस्थेचा नोकर नसतो. आमदार-खासदारांचे वेतन इतर स्रोतांत जाते, कारण तेही कोणाचे नोकर नाहीत. एखाद्या खासगी महाविद्यालयातील प्राध्यापकाला संस्थेकडून मिळणारा पगार हे वेतन आहे; विद्यापीठाकडून उत्तरपत्रिका तपासण्याबद्दल मिळणारे मानधन मात्र इतर स्रोतांत दाखवावे, कारण विद्यापीठ त्याचे मालक नाही.

पुणे हे निवृत्तांचे शहर म्हणून ओळखले जाते, त्यामुळे पुढचा भेद येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. निवृत्त कर्मचाऱ्याला स्वतःच्या नोकरीपोटी मिळणारे निवृत्तिवेतन हे वेतन असते आणि त्याला नव्या प्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. त्याच्या निधनानंतर पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मात्र इतर स्रोतांत मोडते, कारण ती कधीच त्या मालकाची कर्मचारी नव्हती. तिला ७५,००० रुपयांची वजावट मिळत नाही. निवृत्तिवेतनाचा एक तृतीयांश भाग किंवा २५,००० रुपये यांपैकी जी रक्कम कमी असेल ती नव्या प्रणालीत वजा होते. जुन्या प्रणालीत ही मर्यादा १५,००० रुपयांची आहे.

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणाऱ्यांना परदेशी मूळ कंपनीचे शेअर मिळतात. असे शेअर ज्या दिवशी नावावर होतात, त्या दिवसाच्या बाजारभावाइतकी रक्कम वेतन धरली जाते आणि फॉर्म १६ मध्ये, म्हणजे मालकाने दिलेल्या वेतन व करकपातीच्या प्रमाणपत्रात, सहसा दिसते. पुढे ते विकल्यावर त्या भावाच्या वर जो नफा होतो तो भांडवली नफा ठरतो. एकाच शेअरवर दोन वेगवेगळ्या वर्षी, दोन वेगवेगळ्या शीर्षांखाली कर लागतो, आणि दुसऱ्या वेळी खरेदीची किंमत शून्य न धरता वेतनात धरलेली किंमत घ्यायची असते. ही गोष्ट लक्षात न ठेवल्यास एकाच रकमेवर दुहेरी कर भरला जातो. सामान्य निवासी व्यक्तीने हे परदेशी शेअर विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टातही दाखवावे लागतात.

जुनी करप्रणाली निवडणाऱ्या भाडेकरू नोकरदाराला घरभाडे भत्त्यावर सूट मिळते. ती मोजताना वेतनाच्या ५० टक्क्यांची मर्यादा १९६२ च्या नियमांनुसार मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चारच शहरांना आहे. २०२५-२६ साठी पुण्याला ४० टक्क्यांची मर्यादा लागते. नव्या प्रणालीत ही सूट नाही.

घर-मिळकत

या शीर्षाखाली उत्पन्न येण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. मिळकत म्हणजे इमारत किंवा तिला लागून असलेली जमीन असावी, करदाता तिचा मालक असावा, आणि तो स्वतःच्या धंद्यासाठी ती वापरत नसावा. यांपैकी कोणतीही एक गोष्ट नसेल तर शीर्ष बदलते. मोकळा भूखंड गाड्या लावण्यासाठी भाड्याने दिला तर तेथे इमारत नाही, म्हणून ते भाडे सामान्यतः इतर स्रोतांत जाते. पेठेतील जुन्या वाड्यातील भाडेकरूने आपल्या दोन खोल्यांपैकी एक पोटभाड्याने दिली, तर तो मालक नसल्यामुळे त्याला मिळणारे भाडेही इतर स्रोतांत जाते. घरमालकाशी केलेला करार भाडेपट्ट्याचा आहे की अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स आहे, याने शीर्षात फरक पडत नाही.

हिशेब सरळ आहे. वर्षभराच्या भाड्यातून मालकाने त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा करावा. उरलेल्या रकमेच्या ३० टक्के वजावट कोणताही पुरावा न देता मिळते. आणि घर कर्जाचे असेल तर व्याज वजा होते. रंगकाम, दुरुस्ती, सोसायटीचा मेंटेनन्स, दलालाची रक्कम हे सारे त्या ३० टक्क्यांतच आले असे कायदा मानतो, म्हणून त्यांची वेगळी वजावट मागता येत नाही. पुण्यात येथे एक व्यावहारिक बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्वतः राहत असलेल्या घराला महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिल्यावर ती सवलत चालू ठेवणे योग्य नाही. भरलेला मिळकतकर भाड्यातून वजा होतोच, तेव्हा दोन्हीकडच्या नोंदी एकमेकींशी जुळणाऱ्या ठेवाव्यात.

सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठांत, तसेच कर्वेनगर-कोथरूड भागात विद्यार्थ्यांना कॉट बेसिसवर जागा देणारी शेकडो घरे आहेत आणि तेथील उत्पन्नाचे शीर्ष कोणते, हा प्रश्न खराच अवघड आहे. मालकाने निवासी घर नुसते राहायला दिले असेल तर २०२४-२५ या आर्थिक वर्षापासून कायदा स्पष्ट सांगतो की ते भाडे धंद्याचे उत्पन्न म्हणून दाखवता येणार नाही, घर-मिळकतीखालीच दाखवावे लागेल. त्याच घरात मालकीण मेस चालवत असेल, तर मेसचे पैसे हा धंदा आहे आणि किराणा, गॅस व स्वयंपाकाच्या बाईंचा पगार त्यातून वजा होतो. माझा आग्रह असा की अशा घरांनी राहण्याचे आणि जेवणाचे पैसे वेगवेगळ्या पावत्यांवर घ्यावेत. एकच एकत्रित रक्कम घेतली की कशाचा भाग किती, हे नंतर ठरवणे कठीण होते आणि वाद करदात्याच्याच अंगावर येतो.

स्वतः राहत असलेल्या घराचे उत्पन्न शून्य धरले जाते, आणि अशी दोन घरे ठेवता येतात. अशा घराच्या कर्जावरील व्याजाची २ लाख रुपयांपर्यंतची वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळते. भावंडांच्या नावावर असलेल्या घरात प्रत्येकाचा हिस्सा निश्चित असेल, तर भाड्याची रक्कम एकाच्या खात्यात जमा होत असली, तरी प्रत्येकाने आपापला हिस्सा आपापल्या विवरणपत्रात दाखवायचा असतो.

धंदा किंवा व्यवसाय

दुकानदार, डॉक्टर, वकील, क्लासचालक, रिक्षाचालक, घरून काम करणारी अनुवादक हे सारे या शीर्षाखाली येतात. कायद्याच्या व्याख्येनुसार व्यवसायात ध्यासाने किंवा व्रताने केलेले कामही येते आणि त्यासाठी नफ्याचा हेतू असलाच पाहिजे असे नाही. वेदान्त शिकवणाऱ्या पी. कृष्ण मेनन यांना एका शिष्याने दिलेली रक्कम सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये करपात्र ठरवली, कारण वेदान्ताचे अध्यापन हे त्यांचे कार्य होते आणि रक्कम त्या कार्यातूनच त्यांच्यापर्यंत आली होती. पौरोहित्य करणाऱ्या गुरुजींच्या दक्षिणेलाही हेच तत्त्व लागू पडते.

लहान करदात्याला हिशेबाची वही ठेवण्यातून मोकळीक देणाऱ्या दोन तरतुदी आहेत. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, अभियंता, लेखापाल, तांत्रिक सल्लागार अशा ठरावीक व्यवसायांची वर्षाची एकूण जमा ५० लाखांपर्यंत असेल, तर तिचा निम्मा भाग उत्पन्न म्हणून दाखवता येतो. रोखीतील जमा ५ टक्क्यांच्या आत असल्यास ही मर्यादा ७५ लाखांची होते. इतर धंद्यांना २ कोटींपर्यंतच्या उलाढालीवर, रोखीचे प्रमाण तसेच कमी असल्यास ३ कोटींपर्यंत, ८ टक्के आणि बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर ६ टक्के उत्पन्न धरता येते. मात्र खरा नफा याहून अधिक असेल तर तो दाखवणे हेच कायद्याला धरून आहे.

शेअर बाजारात एकाच दिवसात खरेदी-विक्री करणाऱ्यांनी हे शीर्ष नीट वाचावे. इंट्राडे व्यवहाराचा नफा-तोटा हा सट्ट्याचा धंदा मानला जातो आणि त्यातील तोटा फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो. मान्यताप्राप्त शेअर बाजारातील फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे व्यवहार मात्र सट्टा न ठरता सामान्य धंदा ठरतात. दोन्हींपैकी काहीही भांडवली नफ्यात दाखवू नये.

भांडवली नफा

जमीन, घर, शेअर, म्युच्युअल फंड, सोने अशी भांडवली मालमत्ता विकल्यावर झालेला नफा येथे येतो. सूचिबद्ध शेअर आणि शेअरप्रधान फंड १२ महिन्यांहून अधिक काळ आणि घर, जमीन व सोने २४ महिन्यांहून अधिक काळ हाती असेल तर नफा दीर्घ मुदतीचा ठरतो. शेअर व शेअरप्रधान फंडांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातील वर्षाला पहिल्या १,२५,००० रुपयांवर कर नाही, त्यापुढे १२.५ टक्के, अल्प मुदतीच्या नफ्यावर २० टक्के.

पुण्यातील कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत मोठे आकडे घर आणि जमिनीचे असतात. वारशाने आलेल्या घरासाठी खरेदीची किंमत आणि बाळगण्याचा काळ हे दोन्ही पूर्वीच्या मालकाचे धरले जातात; आणि मालमत्ता १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीची वाजवी बाजारकिंमत खरेदीची किंमत म्हणून घेता येते. जमीन-इमारतीच्या बाबतीत ती त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यांकनापेक्षा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने धरलेल्या किमतीपेक्षा, अधिक घेता येत नाही. २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेले घर किंवा जमीन विकणाऱ्या निवासी व्यक्तीला दोन पद्धतींनी कर मोजून कमी असेल तो भरता येतो: महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के किंवा निर्देशांक लावून २० टक्के. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ आहे आणि २००१-०२ चा १००. समजा आजोबांच्या काळातील घराची २००१ ची किंमत १० लाख होती आणि ते ६० लाखांना विकले. निर्देशांकाशिवाय नफा ५० लाख आणि कर ६,२५,०००. निर्देशांक लावल्यास किंमत ३७,६०,०००, नफा २२,४०,००० आणि कर ४,४८,०००. तेच घर एक कोटीला विकले तर अनुक्रमे ११,२५,००० आणि १२,४८,००० कर येतो, म्हणजे दुसरी पद्धत महाग पडते. अधिभार आणि उपकर या आकड्यांत धरलेले नाहीत. भाव किती वाढला यावर कोणती पद्धत लाभाची हे ठरते, म्हणून दोन्ही हिशेब कागदावर मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नये. रेडी रेकनर या सरकारी दरपत्रकानुसार येणारे मुद्रांक मूल्य करारातील किमतीच्या ११० टक्क्यांहून अधिक असेल, तर मुद्रांक मूल्यच विक्रीची किंमत मानले जाते, हेही विसरू नये.

जुन्या वाड्याचा मालक स्वतःच्या नावावरील वाडा बांधकाम व्यावसायिकाला नोंदणीकृत विकसन कराराने देतो आणि बदल्यात सदनिका व काही रक्कम घेतो, तेव्हा कराराच्या दिवशीच कर भरावा लागत नाही. व्यक्ती किंवा एकत्र हिंदू कुटुंब यांच्या बाबतीत, इमारतीला पूर्णत्वाचा दाखला ज्या वर्षी मिळतो त्या वर्षी नफा करपात्र होतो, आणि आपल्या हिश्श्याच्या सदनिकांचे त्या दिवशीचे मुद्रांक मूल्य अधिक रोख रक्कम ही विक्रीची किंमत धरली जाते. दाखला मिळण्याआधी आपला हिस्सा विकून टाकला तर मात्र ही सोय राहत नाही.

निवासी घराच्या विक्रीचा दीर्घ मुदतीचा नफा विक्रीआधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत दुसरे घर घेण्यात, अथवा तीन वर्षांत बांधण्यात गुंतवला, तर त्यावर सूट मिळते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले गेले नाहीत तर ते बँकेतील भांडवली नफा खात्यात ठेवावे लागतात. साध्या बचत खात्यात पडून राहिलेल्या रकमेवर सूट मिळत नाही.

शेती आणि शेतजमीन

शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकार प्राप्तिकर लावू शकत नाही, कारण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने तो विषय राज्यांकडे दिला आहे. पिकाची विक्री, शेती करण्यासाठी खंडाने दिलेल्या जमिनीचा खंड आणि रोपवाटिकेतील रोपांचे उत्पन्न हे शेती उत्पन्न आहे. दूध, कुक्कुटपालन किंवा शेतजमिनीवर उभारलेल्या लग्नाच्या लॉन्सचे भाडे हे शेती उत्पन्न नाही.

करमुक्त असले तरी शेती उत्पन्न दाखवावे लागते, कारण ते ५,००० रुपयांहून अधिक असेल आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना ते धरले जाते. समजा पुरंदर तालुक्यातील अंजिरांपासून एका नोकरदाराला ३ लाख मिळाले आणि वजावटीनंतरचे त्याचे इतर उत्पन्न १३ लाख आहे. नव्या प्रणालीत १६ लाखांवरचा कर १,२०,००० होतो. शेतीचे ३ लाख आणि करमुक्त मर्यादेचे ४ लाख मिळून ७ लाखांवरचा कर १५,००० होतो. दोन्हींतील फरक, म्हणजे १,०५,००० रुपये, हा त्याचा कर; यात करसवलत आणि उपकर धरलेले नाहीत. अंजिरांशिवाय हा कर ७५,००० असता.

शेतजमीन विकताना आणखी काळजी घ्यावी. ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मालमत्ताच नव्हे, म्हणून तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकेच्या हद्दीतील आणि हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आतील जमीन मात्र ग्रामीण धरली जात नाही. सासवडसारख्या नगरपालिकेपासून हे अंतर २ किलोमीटर आहे. अंतर रस्त्याने न मोजता सरळ रेषेत मोजतात. पुण्याची हद्द स्थिर नाही: २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये वाघोली, सूस, म्हाळुंगे, मांजरी बुद्रुक, नऱ्हे यांसह २३ गावे महापालिकेत आली. हद्द पुढे सरकली की ८ किलोमीटरची रेषाही पुढे सरकते. सातबारावर पीक दिसते एवढ्यावर विसंबून न राहता, विक्रीच्या वेळचे हद्दीपासूनचे अंतर सक्षम अधिकाऱ्याकडून लेखी घेऊन ठेवावे.

इतर स्रोत

पहिल्या चार शीर्षांत न बसणारे करपात्र उत्पन्न येथे येते. बचत खात्याचे व ठेवींचे व्याज, लाभांश, लॉटरीचे बक्षीस आणि भेटी ही त्याची नेहमीची उदाहरणे. बँकेने व्याजावर टीडीएस, म्हणजे रक्कम देतानाच कापायचा कर, कापला म्हणजे कर भरून झाला असे नाही. १० टक्के कापले गेले आणि आपण ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलो, तर उरलेला कर आपल्यालाच भरावा लागतो. टीडीएस कापला गेला नसेल, तरीही व्याज दाखवावेच लागते.

भेटींचा नियम आपल्या नात्यांच्या कल्पनेशी पूर्ण जुळत नाही, म्हणून तो थोडा सविस्तर पाहावा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटरकमा एकूण ५०,००० रुपयांच्या वर गेल्या तर संपूर्ण रक्कम करपात्र होते. नातेवाइकांकडून, स्वतःच्या लग्नात किंवा वारशाने मिळालेल्या रकमेवर कर नाही. नातेवाईक कोण, हे घेणाऱ्याच्या बाजूने पाहायचे असते: पती-पत्नी, आपली भावंडे, जोडीदाराची भावंडे, आईवडिलांची भावंडे, आपल्या व जोडीदाराच्या थेट वंशातील वरच्या-खालच्या पिढ्या, आणि या सर्वांचे जोडीदार. त्यामुळे मामाने भाच्याला शिक्षणासाठी पाच लाख दिले तर भाच्याला कर नाही, कारण मामा हा त्याच्या आईचा भाऊ. तोच भाचा नोकरीला लागल्यावर मामाला पाच लाखांची भेट देईल, तर मामाच्या यादीत बहिणीचा मुलगा नसल्यामुळे ती रक्कम मामाला करपात्र होते. चुलत, मावस, आते आणि मामे भावंडे तर एकमेकांच्या यादीत नाहीतच. रक्कम उसनी दिली असेल तर तसे लेखी ठेवावे आणि व्यवहार बँकेतूनच करावा.

बेरीज आणि कर

शीर्षे ठरली की प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र करून मग बेरीज करावी. कोथरूडमध्ये राहणाऱ्या एका नोकरदार स्त्रीचे उदाहरण घेऊ. पगार १४ लाख. वारशाने आलेल्या सदनिकेचे भाडे महिन्याला २५,००० आणि तिने भरलेला मिळकतकर १८,०००. ठेवींचे व्याज ४२,०००. शेअरप्रधान फंडाचा दीर्घ मुदतीचा नफा १,६०,०००. वेतन प्रमाणित वजावटीनंतर १३,२५,००० उरते. भाड्याच्या ३ लाखांतून मिळकतकर जाऊन २,८२,००० आणि त्यातून ३० टक्के, म्हणजे ८४,६००, जाऊन १,९७,४०० राहतात. व्याज मिळवून सामान्य दराचे उत्पन्न १५,६४,४०० होते. नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, पुढे ८ लाखांपर्यंत ५ टक्के, १२ लाखांपर्यंत १० टक्के आणि १६ लाखांपर्यंत १५ टक्के. त्याप्रमाणे कर २०,००० अधिक ४०,००० अधिक ५४,६६०, म्हणजे १,१४,६६० होतो. फंडाच्या नफ्यातील १,२५,००० वगळून उरलेल्या ३५,००० वर १२.५ टक्क्यांनी ४,३७५. दोन्हींची बेरीज १,१९,०३५. ४ टक्के उपकर मिळवून आणि दहाच्या पटीत आणून १,२३,८०० रुपये.

उत्पन्न १२ लाखांपर्यंत असणाऱ्या निवासी व्यक्तीला नव्या प्रणालीत ६०,००० रुपयांपर्यंतची करसवलत मिळते आणि सामान्य दराचा कर शून्यावर येतो. शेअरच्या नफ्यावरील विशेष दराच्या कराला ही सवलत लागू नाही. १२ लाखांच्या आत आहोत म्हणून शेअरचा नफा बिनदिक्कत करमुक्त समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तोट्याची वजावटही शीर्षांच्या भिंतींनी अडवलेली आहे. भांडवली तोटा फक्त भांडवली नफ्यातून, आणि त्यातही दीर्घ मुदतीचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा होतो. धंद्याचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. घर-मिळकतीचा तोटा जुन्या प्रणालीत इतर शीर्षांतून २ लाखांपर्यंत वजा होतो, नव्या प्रणालीत तीही मुभा नाही. भांडवली किंवा धंद्याचा उरलेला तोटा पुढे ओढायचा असेल तर विवरणपत्र मुदतीत भरलेलेच असावे लागते.

विवरणपत्राचा नमुनाही शीर्षांवरूनच ठरतो. एकूण उत्पन्न ५० लाखांपर्यंत असलेल्या साध्या पगारदाराला सहज हा पहिला नमुना (आयटीआर-१) पुरतो, आणि शेअर व शेअरप्रधान फंडांचा दीर्घ मुदतीचा नफा १,२५,००० रुपयांच्या आत असेल तर तो त्यातच दाखवता येतो. नफा त्याहून अधिक असेल, घर-जमीन विकली असेल किंवा परदेशी शेअर असतील तर दुसरा नमुना घ्यावा. धंदा-व्यवसाय असलेल्यांसाठी तिसरा, आणि अंदाजित पद्धतीने उत्पन्न दाखवणाऱ्यांसाठी सुगम हा चौथा. वरच्या उदाहरणातील कोथरूडच्या बाईंना फंडाच्या नफ्यामुळे दुसरा नमुनाच लागेल. विवरणपत्र भरून झाल्यावर त्याची ३० दिवसांच्या आत पडताळणी करावी, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने ते घरबसल्या होते. पडताळणी झाली नाही तर भरलेले विवरणपत्र कायद्याच्या दृष्टीने भरलेले नसते.